एकदा जमतं

माझ्या आजाराची गंमत अशी की तो एका नजरेत दिसत नाही. कुणी म्हणालं हात वर करून दाखव, तर मी करते. खुर्चीतून ऊठ म्हटलं, उठते. पाण्याचा घोट गिळून दाखव म्हटलं, तोही गिळते. बघणारा समाधानाने मान डोलावतो आणि म्हणतो, अगं ठणठणीत तर आहेस! तीच गोष्ट लागोपाठ दहादा करायला सांगितली तर मधेच कुठेतरी हात खांद्याच्या वर जायचा थांबतो. पण तोवर बघणारा चहाकडे वळलेला असतो.

मायस्थेनिया ग्रेव्हिस असं त्याचं नाव. जगभरात दर दहा लाख माणसांमागे साधारण दीडशे ते दोनशे जणांना होतो. नाव सांगितलं की समोरचा गोंधळतो, म्हणून मी लगेच पुढचं वाक्य टाकते, "अमिताभ बच्चनला झाला होता ना, तो." १९८२ साली चित्रीकरणातल्या त्या जीवघेण्या अपघातातून ते वाचले आणि १९८४ मध्ये त्यांना या आजाराचं निदान झालं, हे त्या पिढीतल्या बऱ्याच जणांना आठवतं. लोकांचा चेहरा उजळतो. "मग काय काळजी? तो तर अजून काम करून राहिला!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यांच्याआधी मीच म्हणून टाकते.

मी अकोल्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. सुरुवात फळ्यावरच झाली. आकृती काढताना वरच्या ओळी नीट यायच्या आणि तासाच्या शेवटी माझं अक्षर आपसूक फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात उतरलेलं असायचं. मुलांनी ते माझ्याआधी हेरलं. मागच्या बाकांवरून "मॅडम, खालचं दिसत नाही" असं यायचं. मग दुपारच्या तासांना वर्गात बाकांच्या रांगा दुप्पट झाल्या. एक डोळा झाकला की पुन्हा होत्या तेवढ्याच. चष्म्याचा नंबर बदलून झाला, पुन्हा बदलून झाला. डोळ्यांच्या दवाखान्यात मी जायचे ती सुट्टीच्या दिवशी सकाळी, झोप झालेली, आणि तिथल्या तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचायचे. संध्याकाळी बहिणीला फोन केला की ती विचारायची, सर्दी झाली का गं? आवाज नाकातून यायचा. सकाळी सर्दी गायब.

सगळ्यांनी आपापलं निदान केलं. सासूबाईंचं मत रक्त कमी आहे, बीट खा. शाळेतल्या एका सहकाऱ्याचं मत टेन्शन. एका डॉक्टरांनी झोपेच्या तक्रारींबद्दल आणि मग, आवाज हळू करून, घरातल्या वातावरणाबद्दल विचारलं. घरातलं वातावरण उत्तम होतं. पापणी तेवढी पडत होती.

शेवटी नागपूरच्या एका मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी मला छताकडे बघायला लावलं आणि स्वतः घड्याळाकडे बघत बसले. आतापर्यंत सगळ्यांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं होतं. हे पहिले गृहस्थ, ज्यांनी वाट पाहिली. हळूहळू डावी पापणी उतरत बुबुळावर आली. मग त्यांनी रबरी हातमोज्यात बर्फाचे तुकडे भरले, गाठ मारली आणि ते बोचकं माझ्या मिटलेल्या डोळ्यावर ठेवलं. डोळा बधिर झाला, पाणी कानापर्यंत ओघळलं. दोन मिनिटांनी बर्फ काढून म्हणाले, आता बघा वर. नवरा समोर उभा होता. तो म्हणाला, "अगं, उघडला की!" काही मिनिटांत पापणी पुन्हा खाली आली, पण निदानाचा मोठा भाग त्या बर्फानेच उरकला. थंडाव्यात हे स्नायू सुधारतात आणि उष्णतेत बिघडतात. अकोल्यात राहणाऱ्या बाईला हे ऐकवणं म्हणजे, असो.

पुढची तपासणी विजेची. नसेला बारीक झटके देतात, सेकंदाला साधारण तीन, आणि स्नायू प्रत्येक झटक्याला किती उत्तर देतो ते मोजतात. माझा पहिला प्रतिसाद अगदी व्यवस्थित होता. चौथ्या-पाचव्यापर्यंत तो खचत गेला. दहा टक्क्यांहून जास्त घसरण झाली की तपासणी आजाराच्या बाजूने झुकते. कागदावरच्या त्या उतरत जाणाऱ्या रेघा बघून मला बरं वाटलं होतं. कुणीतरी एकदाचं मला एकाहून जास्त वेळा विचारलं होतं.

आत काय होतं ते सांगते. नसेचं टोक स्नायूला जिथे भिडतं तिथे बारीकशी फट असते. नस ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन त्या फटीत सोडते, पलीकडे स्नायूवर ते झेलणारे ग्राहक असतात, ते झेललं की स्नायू आकसतो. लागोपाठ हुकूम दिले की नस प्रत्येक वेळी थोडं थोडं कमी रसायन सोडते. हे सगळ्यांच्याच शरीरात होतं, तुमच्याही. पण तुमच्याकडे ग्राहक गरजेपेक्षा भरपूर असतात, म्हणून ती घट जाणवत नाही. माझ्या रक्तातल्या अँटीबॉडी, म्हणजे एरवी जंतूंशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं, या ग्राहकांना परके समजून अडवतात, मोडतात. आमच्याकडे नळ काही दिवसांनी एकदा येतो. गच्चीवर मोठ्या टाक्या असलेल्यांना तो एक दिवस उशिरा आला तरी पत्ता लागत नाही, दोन ड्रमांवर भागवणाऱ्या घराला दुपारपर्यंत कळतं. माझे स्नायू दोन ड्रमांचे झालेत.

निदान झाल्यावर गावी गेले तेव्हा मामा ओसरीवर बसले होते. चष्मा सावरत माझ्याकडे बघत म्हणाले, "काऊन वं पोरी, नाग डसल्यावानी पापण्या काऊन पडून राह्यल्या तुह्या?" मामी त्यांच्यावर ओरडली. पण मी थबकले, कारण इतक्या दवाखान्यांतून फिरून जे कळलं ते मामांनी ओसरीवरून सांगितलं होतं. नागाचं विष नेमकं त्याच फटीत, त्याच ग्राहकांवर जाऊन बसतं. शेतात नाग चावलेल्या माणसाचे आधी डोळे मिटायला लागतात, मग जीभ जड होते, मग श्वास. त्याला प्रतिविषाबरोबर निओस्टिग्मिन देतात. ते माझ्या रोजच्या गोळीचं सख्खं भावंड आहे.

मग मी विज्ञानाच्या बाईंना शोभेल असं हात धुऊन मागे लागले. मण्यारीची एक जात तैवानात सापडते. तिच्या विषातला एक घटक, अल्फा-बंगारोटॉक्सिन, १९६३ मध्ये तिथल्या चँग आणि ली या दोन शास्त्रज्ञांनी वेगळा काढला. हा घटक स्नायूवरच्या त्या ग्राहकांना घट्ट चिकटतो, सुटत नाही. म्हणजे ग्राहक मोजायला याच्यासारखं साधन नाही. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने त्याच विषाने रुग्णांच्या स्नायूतले ग्राहक मोजले आणि ते खूपच कमी भरले. त्याच वर्षी पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी विजेचा झटका देणाऱ्या ईल माशाचे ग्राहक काढून सशांना टोचले. सशांच्या शरीराने त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवल्या, त्या सशांच्या स्वतःच्या स्नायूंवर उलटल्या आणि ससे माझ्यासारखे गळून गेले. औषध दिल्यावर पुन्हा उठले. स्वतःचंच शरीर उलटतं असा अंदाज स्कॉटलंडच्या जॉन सिम्पसन यांनी १९६० मध्येच बांधला होता. पुरावा सशांनी दिला. अँटीबॉडी शोधायच्या रक्ततपासणीच्या मूळ पद्धतीतही मण्यारीचं हेच विष वापरतात. हे मी मामांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "मंग मी काय म्हनलो होतो?"

औषधाची गोष्टही विषातूनच निघाली. मेरी वॉकर या लंडनच्या ग्रिनिच भागातल्या एका इस्पितळात काम करणाऱ्या डॉक्टर. मोठ्या संशोधन केंद्राशी त्यांचा काही संबंध नव्हता. हा आजार क्युरारे या बाणाला लावायच्या विषाच्या बाधेसारखा दिसतो, हे त्यांच्या कानावर आलं. मग क्युरारेवरचा उतारा इथे का चालू नये, असा सरळ प्रश्न त्यांनी विचारला. १९३४ मध्ये त्यांनी एका रुग्ण बाईला फायसोस्टिग्मिन या उताऱ्याचं इंजेक्शन दिलं आणि तिची पडलेली पापणी वर आली. काही तासांनी उतरली, पण वर आली होती. हा अनुभव त्यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एका पत्रातून कळवला. माझी पायरिडोस्टिग्मिन त्याच घराण्यातली. फटीत सोडलेलं रसायन लवकर मोडू देत नाही, एवढंच ती करते. आजार तिथेच राहतो, तीन-चार तास गप्प बसतो.

त्यामुळे आमच्या घरात जेवणाची वेळ गोळी ठरवते. गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने जबडा कामाला लागतो, मग ताट घ्यायचं. ज्वारीची भाकरी सकाळी चालते. रात्री निम्म्या भाकरीनंतर जबडा उघडाच राहतो आणि हाताने हनुवटी वर ढकलून घास चावावा लागतो. घरी हे सगळ्यांच्या सवयीचं झालंय. पंगतीत मात्र मी आधी कोशिंबीर, मसालेभात असं मऊ उरकते आणि पुरी शेजारणीच्या पानात सरकवते. कधी घाईने पाणी प्यायले की ते नाकातून येतं. गोळीची वसुलीही असते. पोटात मुरडा, तोंडाला पाणी, डोळ्याखाली मांसाची बारीक फडफड. नवव्या तासापर्यंत शाळा असती तर मी काय केलं असतं माहीत नाही, सुदैवाने आठच असतात.

गणपतीत सगळ्यात चांगलं कळतं. पहिल्या आरतीला ताम्हन माझ्या हातात असतं, निरांजन ओवाळणं नीट चाललेलं असतं. दुसऱ्या आरतीला कोपर पोटाशी येतं. तिसरीला मुलगी न बोलता खालून हात लावते. मंत्रपुष्पांजलीपर्यंत मी भिंतीला टेकून बसलेली असते. पाहुण्यांपैकी जे पहिल्या आरतीला होते त्यांच्या लेखी मी बरी झालेय, आणि उशिरा आलेल्यांच्या लेखी यंदा फारच खचलेय.

फोटोचंही तसंच. पुतणीच्या लग्नात फोटोग्राफरने पहिल्यांदा 'स्माईल प्लीज' म्हटलं तेव्हा मी हसले. मग कुणाचे तरी डोळे मिटले, कुणाचा शेला सरकला, पुन्हा, पुन्हा. अल्बममध्ये आला तो शेवटचा फोटो. त्यात माझे ओठांचे कोपरे वर गेलेलेच नाहीत, वरचा ओठ तेवढा उचललाय, आणि मी नव्या नवरीवर गुरगुरतेय असं वाटतं. विहीणबाईंनी तो बघून माझ्याबद्दल काय ठरवलं असेल ते असेल.

स्टेरॉइड सुरू झाल्यावर गाल वर आले. "वा, तब्येत छान सुधारली!" हे वाक्य मी ज्या महिन्यात सगळ्यात जास्त ऐकलं, त्या महिन्यात मला स्वतःची वेणी घालता येत नव्हती. शेवटी केस कापले. स्टेरॉइड कमी करता यावं म्हणून अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं. त्याचा गुण यायला कित्येक महिने जातात, मधल्या काळात पांढऱ्या पेशी आणि यकृत यांवर नजर ठेवत रक्त देत राहायचं. छातीच्या हाडामागची, प्रतिकारशक्तीच्या पेशी घडवणारी थायमस ग्रंथीही काढून झाली. या शस्त्रक्रियेचा खरोखर फायदा होतो का, यावर डॉक्टरांमध्ये अनेक दशकं वाद होता. २०१६ मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली तेव्हा उत्तर बरंचसं 'होय'कडे गेलं. टाक्यांचा व्रण गळ्याखाली दिसतो, म्हणून त्याबद्दल सगळे आदराने विचारतात. शस्त्रक्रिया दिसते ना.

मला खरी भीती आजारापेक्षा मेडिकलच्या काउंटरची वाटते. आपल्याकडे ताप आला, जुलाब झाले, घसा धरला की दुकानदार मागचा-पुढचा विचार न करता सिप्रो नाहीतर ॲझिथ्रो काढून देतो. ही दोन्ही अँटिबायोटिकं आणि जेंटामायसिनसुद्धा त्याच नस-स्नायूच्या जोडावर दाब आणतात. सिप्रोच्या कुळातल्या औषधांवर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये या आजारासाठी ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला. मलेरियाच्या काही गोळ्या, रक्तदाबाच्या काही, शिरेतून द्यायचं मॅग्नेशियम, सगळ्यांशी जपून. पर्समध्ये माझ्याकडे यादीचा लॅमिनेट केलेला कागद असतो. दाताच्या डॉक्टरांनाही आधी तोच देते, मग तोंड उघडते.

एका पावसाळ्यात साधा विषाणूताप आला आणि दोन दिवसांत लाळ गिळेना. मान उशीवरून उचलेना. आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा. रात्री जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी बोटाला ऑक्सिमीटर लावलं, सत्त्याण्णव. म्हणाले, सॅच्युरेशन तर छान आहे, घाबरल्या असतील. कोविडनंतर घरोघरी ते चिमट्यासारखं यंत्र आलं आणि सगळ्यांचा त्याच्यावर विश्वास बसला, पण आमच्या बाबतीत ते शेवटी बोलतं. छातीचे स्नायू दमत जातात, शरीर कसंबसं ऑक्सिजन टिकवून धरतं आणि आकडा कोसळतो तेव्हा व्हेंटिलेटरची वेळ झालेली असते. नागपूरच्या डॉक्टरांनी नवऱ्याला एक साधी परीक्षा शिकवली होती. पूर्ण श्वास भरायचा आणि एका दमात मोठ्याने अंक मोजायचे. निरोगी माणूस पन्नासच्या आसपास जातो. विसाच्या खाली आलं की इस्पितळ गाठायचं. त्याने तिथेच, कॅज्युअल्टीत, मला मोजायला लावलं. तेरावर आवाज नाकात गेला आणि चौदाला संपला. पहाटेपर्यंत मी नागपुरात आयसीयूत होते.

तिथे पाच दिवस इम्युनोग्लोब्युलिन चढवलं. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेल्या अँटीबॉडी असतात त्या. वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज ०.४ ग्रॅम, आणि बिल लाखांच्या घरात. माझ्या अँटीबॉडींना आवर घालायला हजारो अनोळखी माणसांच्या अँटीबॉडी आल्या. बाटलीवर त्यांची नावं नव्हती. तिसऱ्या दिवशी मी एकवीसपर्यंत मोजलं आणि पलीकडच्या खाटेवरच्या आजींनी टाळी वाजवली. त्यांना वाटलं मी पाढे म्हणतेय.

अलीकडे आजार घडवणाऱ्या अँटीबॉडी रक्तातून लवकर नष्ट करणारी नवी औषधं आली आहेत. एफगार्टिगिमोड नावाच्या औषधाला अमेरिकेत २०२१च्या डिसेंबरात मान्यता मिळाली. त्याबद्दल मी वाचते, किंमत बघते आणि पान बंद करते.

शाळेने मात्र समजून घेतलं. मुख्याध्यापिकांनी माझे तास सकाळचे लावून दिले आणि फळ्याची कामं मुलं करतात. मी सांगते, ती काढतात. हृदयाची आकृती आता आठवीतला एक मुलगा माझ्यापेक्षा सुबक काढतो. मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा लागली की मी खूश असते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे सरकतो तेव्हा मात्र कूलरसमोरून हलत नाही. आंघोळ गार पाण्याने. मुलगी फ्रीजमधला गार रुमाल आणून डोळ्यांवर ठेवते आणि मग आम्ही मालिका बघतो, एकच नायिका, दोन नाही.

आता राहिलं प्रमाणपत्र. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. स्नायूंचा ऱ्हास करणारी मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, पार्किन्सन आहे. मायस्थेनियाचं नाव नाही. तरी हालचालीच्या अपंगत्वात तपासून देतात असं कुणीतरी सांगितलं, म्हणून अर्ज केला. बदलीत आणि निवडणुकीच्या ड्यूटीत चाळीस टक्के अपंगत्वाचा कागद उपयोगी पडतो. अपंगत्व तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डापुढे माझी पाळी सकाळी साडेदहाला आली. गोळी नऊला घेतली होती, नाहीतर जिना चढले नसते. हात वर करा. केला. बोटं दाबा. दाबली. उकिडवं बसून उठा. उठले. समोरच्या डॉक्टरांनी दयाळूपणे हसून कागदावर काहीतरी लिहिलं. मी म्हटलं, सर, हेच आणखी पंधरा वेळा करायला सांगा ना. ते म्हणाले, मॅडम, बाहेर रांग बघा.

रांग खरंच मोठी होती, त्यांना दोष देत नाही. दुसऱ्यांदा अर्ज करताना विजेच्या तपासणीचा आलेख जोडला, आयसीयूचे कागद जोडले आणि वर लिहिलं की माझी तपासणी दुपारी चारनंतर व्हावी. खिडकीतल्या बाबूंनी अर्ज दोनदा वाचला.

"मॅडम, बोर्ड दहा ते एकच बसते."

"मग शेवटचा नंबर लावा. एकला दहा मिनिटं असताना."

"शेवटचा नंबर मागणारे तुम्हीच पह्यल्या," ते म्हणाले आणि अर्जावर लाल पेनाने 'शेवटी' असं लिहून शिक्का मारला. पुढचा बुधवार मिळालाय. नवरा म्हणतो, सकाळपासून मोठ्याने बोलत राहा आणि हॉस्पिटलात लिफ्ट घेऊ नकोस.